चौघांत एकच जण गणिते सोडवतो; अभ्यासगट मोडावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पुण्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि चौघे मित्र आठवड्यातून तीनदा, तास संपल्यावर रिकाम्या वर्गात बसून, माधव गणित स्पर्धेच्या (पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या) आणि पुढे द्यायच्या ‘जॅम’ या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी प्रश्न सोडवता. चौघांपैकी एक जण शाळेत असताना गणित ऑलिंपियाड या स्पर्धेच्या प्रशिक्षणाला जात होता. त्याला बहुतेक प्रश्न दहा-पंधरा मिनिटांत सुटतात, तो ते फळ्यावर समजावतो आणि बाकीच्या तिघांना ते समजतेही. परंतु घरी तशाच प्रकारचा प्रश्न एकट्याने हाती घेतला की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. आपल्यात मुळात कुवतच नाही का, आणि हा गट मोडून प्रत्येकाने आपापले बसावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी अनेक वर्षे पदवीच्या वर्गांना गणित शिकवते आणि स्पर्धांची तयारी करणाऱ्या मुलामुलींबरोबर प्रश्न सोडवते. हीच तक्रार जवळपास दरवर्षी कोणीतरी घेऊन येते, म्हणून आधी कुवतीविषयी बोलते. दुसऱ्याने मांडलेली सिद्धता ओळीमागून ओळ समजणे आणि ती सिद्धता स्वतःला सुचणे या दोन निराळ्या क्षमता आहेत, आणि तुमच्या गटात तुम्ही तिघे फक्त पहिलीचा सराव करत आहात. शोधण्याचे सारे काम चौथा करतो, म्हणून त्याची शोधण्याची क्षमता वाढते आणि तुमची समजून घेण्याची. एकटे बसल्यावर तुमच्याकडून जी मागणी होते तिचा सराव तुम्ही केलेलाच नाही. त्यावरून तुमच्या बुद्धीविषयी काहीही सिद्ध होत नाही.

माझे उत्तर असे की गट मोडू नका, पण गटात काय घेऊन यायचे ते बदला. आज तुम्ही कोरे प्रश्न घेऊन बसता आणि उत्तर घेऊन उठता. त्याऐवजी प्रत्येकाने प्रश्नाशी एकट्याने झटून, तो नेमका कुठे अडला ती जागा घेऊन यावे, आणि उठताना पूर्ण उत्तर न नेता पुढे विचार करण्यापुरते काहीतरी घेऊन जावे. हे कसे साधायचे हाच खरा प्रश्न आहे.

त्याआधी, परिस्थितीनुसार काय बदलते ते मान्य करायला हवे. ‘जॅम’मध्ये ३ तासांत ६० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३ मिनिटे, आणि पर्याय निवडायचा किंवा संख्यात्मक उत्तर द्यायचे असते; सिद्धता लिहावी लागत नाही. त्या तयारीचा बराचसा भाग एकट्याने, घड्याळ लावून करायचा असतो आणि गटाचा उपयोग चुकलेल्या प्रश्नांची छाननी करण्यापुरता असतो. माधव स्पर्धेत मात्र सविस्तर युक्तिवाद लिहावा लागतो. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये तर एका दिवशी साडेचार तासांत केवळ ३ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड तास. ज्या परीक्षेत एकाच प्रश्नाजवळ इतका वेळ थांबावे लागते, तिच्या तयारीत एकत्र विचार करण्याला मोठे स्थान आहे. तेव्हा तुमच्या तीन बैठकींपैकी दोन सिद्धतेच्या प्रश्नांना आणि एक ‘जॅम’च्या छाननीला द्यावी, असे मी सुचवेन. ‘जॅम’ परीक्षा जवळ आली की हे प्रमाण उलटेल.

आता कामाची पद्धत. बैठकीत घ्यायचे प्रश्न किमान तीन दिवस आधी ठरवावेत, आणि ते थोडेच असावेत. तीन पुरेसे आहेत, चार खूप झाले. प्रत्येकाने प्रत्येक प्रश्नाला एकट्याने निदान तासभर द्यावा आणि त्या तासात जे जे करून पाहिले ते कच्च्या वहीत न खोडता ठेवावे. लहान संख्या घालून काय दिसले, कोणते प्रमेय आठवले, ते का लागू पडले नाही, हे सारे. ज्याला प्रश्न सुटला त्यानेही तो सुटल्याचे आधी सांगू नये. ‘मला सुटले’ एवढ्या एका वाक्याने बाकीच्यांचा शोध थांबतो, हे मी वारंवार पाहिले आहे; कारण त्यानंतर लोक प्रश्नाकडे पाहणे सोडून सोडवणाऱ्याकडे पाहू लागतात.

प्रत्यक्ष बैठक कशी चालावी हे एका प्रश्नावरून दाखवते, कारण नुसत्या सूचनांनी ते कळणार नाही. प्रश्न असा: सर्व वास्तव संख्यांवर व्याख्यित असे कंटिन्युअस (ज्याचा आलेख कुठेही तुटत नाही असे) फंक्शन फ असू शकते का, की प्रत्येक क्ष साठी फ(फ(क्ष)) = −क्ष होईल? दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला लागणारे सारे साहित्य तुमच्याजवळ आहे, आणि तरीही पहिल्या भेटीत हा प्रश्न बहुतेकांना अडवतो.

समजा, पहिल्याने वहीत फ(क्ष) = मक्ष असे रेषीय फंक्शन घालून पाहिले आहे. त्यातून म² = −१ येते, म्हणून असे रेषीय फंक्शन नाही. ही सिद्धता नव्हे, पण उत्तर ‘असू शकत नाही’ असे असावे, ही दिशा तिच्यातून मिळते. दुसरीने दिलेल्या समीकरणाला पुन्हा फ लावून पाहिले आहे. फ(फ(फ(क्ष))) ही राशी एका बाजूने फ(−क्ष) आहे आणि दुसऱ्या बाजूने −फ(क्ष) आहे, म्हणजे फ(−क्ष) = −फ(क्ष), म्हणून फ विषम फंक्शन आहे आणि फ(०) = ०. पण पुढे काय करायचे ते तिला कळले नाही. तिसऱ्याच्या लक्षात आले आहे की फ(अ) = फ(ब) असेल तर दोन्ही बाजूंना फ लावून −अ = −ब मिळते, म्हणजे फ एकास-एक आहे (दोन वेगळ्या संख्यांना एकच किंमत देत नाही); तोही तिथेच थांबला. चौथीच्या वहीत एकच ओळ आहे: ‘फंक्शन कंटिन्युअस आहे, हा पक्ष (दिलेली अट) कुठे वापरायचा?’

या चारही वह्या अपुऱ्या आहेत, आणि तरी चारही फळ्यावर शेजारी शेजारी मांडल्या की उत्तर जवळजवळ समोर येते. तिसऱ्याचे ‘एकास-एक’ आणि चौथीचे ‘कंटिन्युअस’ एकत्र ठेवा. वास्तव रेषेवरचे कंटिन्युअस आणि एकास-एक फंक्शन एकतर सतत चढते किंवा सतत उतरते असते. हे इंटरमीजिएट व्हॅल्यू थिअरमवरून (कंटिन्युअस फंक्शन दोन किमतींमधली प्रत्येक किंमत घेते, या प्रमेयावरून) मिळते. फ चढते असेल तर फ(फ(क्ष)) चढते. फ उतरते असेल तर दोनदा उतरण्याने क्रम पुन्हा सरळ होतो, म्हणून फ(फ(क्ष)) तेव्हाही चढतेच. पण −क्ष तर उतरते आहे. विरोध आला, आणि असे फंक्शन नाही हे सिद्ध झाले.

इथे बहुतेक गट थांबतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. माझ्या मते बैठकीचा सर्वांत मोलाचा भाग इथून सुरू होतो. दुसरीने शोधलेले ‘विषम फंक्शन’ या सिद्धतेत वापरलेच गेले नाही. मग ते वाया गेले का? तिला विचारा की केवळ तेवढ्यावरून काही निघते का. निघते. फ(क) = ० असेल तर −क = फ(फ(क)) = फ(०) = ०, म्हणजे शून्याखेरीज फ कुठेही शून्य होत नाही. फ कंटिन्युअस आहे, म्हणून धन संख्यांवर त्याचे चिन्ह एकच राहते. ते चिन्ह धन असेल तर फ(१) धन, म्हणून फ(फ(१)) धन. पण ते −१ असायला हवे. चिन्ह ऋण असेल तर फ(१) ऋण, आणि फ विषम असल्याने ऋण संख्यांवर ते धन, म्हणून फ(फ(१)) पुन्हा धन. ही दुसरी, अधिक प्राथमिक सिद्धता झाली, आणि ती अशा मुलीच्या वहीतून आली जिला वाटत होते की आपल्याला काहीच सुचलेले नाही.

आता चौथीचा प्रश्न उलटा करा. कंटिन्युअस असण्याची अट काढून टाकली तर असे फंक्शन मिळेल का? विषम असण्याची माहिती इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडते. फ(अ) = ब असे ठरवले की पुढचे सारे आपोआप ठरते: फ(ब) = −अ, फ(−अ) = −ब, फ(−ब) = अ. म्हणजे धन संख्यांच्या जोड्या लावल्या की काम झाले. ० ते १, १ ते २, २ ते ३ असे टप्पे करावेत. प्रत्येक टप्प्यात त्याचे उजवे टोक धरावे आणि डावे सोडावे. मग पहिल्या टप्प्यातील प्रत्येक संख्येची दुसऱ्यातील तिच्याहून १ ने मोठ्या संख्येशी, तिसऱ्यातील संख्येची चौथ्यातील संख्येशी, अशी जोडी लावत जावे, आणि फ(०) = ० घ्यावे. असे फंक्शन अस्तित्वात आहे. म्हणून कंटिन्युअस असण्याचा पक्ष खरोखर आवश्यक होता, हे आता नुसते मानलेले न राहता तपासलेले झाले. एका प्रश्नावर चौघांनी असा पाऊण तास घालवला तर पाच प्रश्नांची उत्तरे उतरवून घेण्यापेक्षा त्यातून कितीतरी अधिक मिळते, असे मी ठामपणे सांगेन.

ज्याला प्रश्न चटकन सुटतात त्या तुमच्या चौथ्या मित्राने अशा वेळी काय करायचे, हा नाजूक भाग आहे. त्याला गप्प बसवू नका; ते त्याच्यावरही अन्यायाचे होईल. त्याने सर्वांत शेवटी बोलावे, आणि बोलताना पुढचे पाऊल सांगण्याऐवजी प्रश्न विचारावा. ‘तू जे दोन निष्कर्ष काढलेस त्यांत कोणता पक्ष अजून वापरलेला नाही?’, ‘हेच लहान संख्येसाठी करून पाहिलेस का?’ एवढे पुरते. त्यालाही यातून मोठा लाभ आहे, कारण ज्याला उत्तर चटकन दिसते त्याला ते का दिसले हे बहुधा सांगता येत नाही, आणि अवघड प्रश्नावर नेमके तेच सांगता यावे लागते. शिवाय प्रत्येक बैठकीतील एक प्रश्न त्यालाही अडेल असा निवडावा. तो अडल्यावर काय करतो, कुठून परततो, कोणती वाट सोडतो, हे बाकीच्यांना पाहायला मिळणे फार आवश्यक आहे. आजवर तुम्ही त्याची फक्त पोहोचलेली अवस्था पाहिली आहे.

अर्धवट विचार मांडण्याची लाज वाटते, हे मला माहीत आहे. त्यावर एक उदाहरण सांगते. २००९ साली केंब्रिजचे गणितज्ञ टिमथी गॉवर्स यांनी कॉम्बिनेटोरिक्समधील (मोजणी आणि मांडणीच्या गणितातील) एका कठीण प्रमेयाची नवी सिद्धता इंटरनेटवर अनेकांनी मिळून, सर्वांच्या देखत शोधण्याचा प्रयोग केला. त्यात सुचलेला लहानसा, कच्चा विचारही लगेच मांडावा, असा नियम होता. त्याच वर्षी जुलैमध्ये गणितज्ञ टेरेन्स टाओ यांनी त्या वर्षीच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडचा सहावा प्रश्न अशाच रीतीने सर्वांसमोर ठेवला आणि तोही सुटला. गॉवर्स यांच्या नियमात असेही होते की कोणी बाजूला जाऊन एकट्याने फार वेळ काम करत बसू नये. नियमाचा हा दुसरा अर्धा भाग मी तुम्हाला लागू करणार नाही. ते अनुभवी लोक होते, एकट्याने झटण्याची शिस्त त्यांनी कधीच कमावलेली होती. तुम्हाला ती अजून कमवायची आहे. कच्चा विचार मोकळेपणाने मांडण्याचा भाग मात्र जसाच्या तसा घ्यावा.

यानंतर लेखन. बैठकीत फळ्यावर जे झाले ते कोणीही उतरवून घेऊ नये आणि फळ्याचा फोटोही काढू नये. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने समोर काही न ठेवता पूर्ण सिद्धता स्वतः लिहावी, आणि ती आपल्या गटातील दुसऱ्याला तपासायला द्यावी. तपासणाऱ्याने मित्राच्या मनात काय होते याचा विचार करू नये. कागदावर जे आहे तेवढेच वाचावे, परीक्षक वाचतो तसे.

हे किती गरजेचे आहे ते पाहा. समजा कोणी असा दावा केला की अ, ब, क या धन संख्या असतील तर अ²ब + ब²क + क²अ ही राशी अब² + बक² + कअ² या राशीहून कधीही कमी नसते. सिद्धता अशी: सामान्यत्वाला बाधा न आणता अ ≥ ब ≥ क मानू. दोन राशींतील फरक (अ − ब)(ब − क)(अ − क) इतका आहे, तिन्ही अवयव ऋण नाहीत, म्हणून फरकही ऋण नाही. अवयव बरोबर पाडले आहेत, भाषा रीतसर आहे, आणि फळ्यासमोर बसलेले तिघे मान डोलावतात. पण अ = १, ब = २, क = ३ घातले तर पहिली राशी २३ येते आणि दुसरी २५. दावाच खोटा आहे. चूक ‘सामान्यत्वाला बाधा न आणता’ या शब्दांत दडली होती. या राशी चक्रीय आहेत, सममित नाहीत. अक्षरे चक्राकार फिरवून फार तर ‘अ सर्वांत मोठी आहे’ इतके मानता येते, तिन्हींचा क्रम मानता येत नाही. अशी चूक लिहिणाऱ्याला स्वतःला क्वचितच दिसते. म्हणून प्रत्येक बैठकीत एकाकडे शंका घेण्याचे काम सोपवावे. ‘हे मानता येते का?’, ‘भागाकार केलास, पण ती राशी शून्य असेल तर?’, ‘इथे उलट दिशाही सिद्ध करायची आहे का?’ असे विचारण्याचा त्याला त्या दिवसापुरता पूर्ण अधिकार असावा, आणि दर वेळी हे काम दुसऱ्याकडे जावे.

महाविद्यालयीन गणिताबाबत एक स्वतंत्र सूचना आहे. स्पर्धेच्या प्रश्नांत युक्ती शोधावी लागते, तर ॲनालिसिस आणि अल्जिब्रा यांत बहुतेक अडचण व्याख्या पक्की नसल्याने येते. त्यासाठी आठवड्यातून एकदा एक प्रमेय घ्यावे आणि त्याचा एकेक पक्ष काढून प्रतिउदाहरण शोधावे, किंवा त्याचा व्यत्यास (उलट विधान) खरा आहे का ते पाहावे. उदाहरणार्थ, लाग्रांजचे प्रमेय सांगते की सांत ग्रुपमधील सबग्रुपच्या (ग्रुपच्या आतील लहान ग्रुपच्या) घटकांची संख्या मूळ ग्रुपच्या घटकसंख्येला भागते. उलट खरे आहे का? चार वस्तूंच्या सम पर्म्युटेशन्सचा ग्रुप १२ घटकांचा आहे, ६ ने १२ ला भाग जातो, पण त्यात ६ घटकांचा सबग्रुप नाही. हे वाचून सोडून देऊ नका. का नाही ते चौघांनी मिळून सिद्ध करा.

जागेविषयी थोडे. पेठांमधल्या अभ्यासिका एकट्याच्या तासासाठी उत्तम आहेत, पण तिथे बोलता येत नाही, म्हणून बैठक तिथे होणार नाही. तुम्हाला फळ्यासह रिकामा वर्ग मिळतो आहे, तो सोडू नका. विभागप्रमुखांची रीतसर परवानगी घेऊन ठरावीक वेळ मागून घ्या, ती सहसा मिळते. कोणी पिंपरी-चिंचवडहून येत असेल आणि एखादी बैठक फोनवर करावी लागली तर हरकत नाही, परंतु व्हॉट्सॲपवर कोणीही उत्तराचा फोटो टाकू नये, हा नियम कडक ठेवा. एकट्याच्या तासात फोनवर उत्तर शोधणेही त्यातच आले. गटाला आणखी सोबत हवी असेल तर एरंडवण्यातील भास्कराचार्य प्रतिष्ठानात जाऊन चौकशी करा. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ साली स्थापन केलेली ही संस्था गणिताच्या प्रशिक्षणासाठी परिचित आहे. गट मात्र पाचांहून मोठा करू नका, कारण त्यापुढे कोणीतरी नुसता बसून राहतो.

इतके करूनही गट मोडण्याची वेळ येऊ शकते. महिना-दीड महिना ही पद्धत प्रामाणिकपणे पाळल्यावर प्रत्येकाने आपली कच्ची वही चाळावी. एकट्याच्या तासातील पाने भरू लागली असतील, अडण्याच्या जागा पूर्वीपेक्षा पुढे सरकल्या असतील, तर प्रश्न सुटो वा न सुटो, गट उपयोगी पडतो आहे. पाने कोरीच राहत असतील आणि लोक बैठकीलाच प्रश्न प्रथम वाचत असतील, तर काही काळ एकट्याने बसणे बरे. कोणी एकच जण तयारी न करता येत असेल तर त्याच्याशी मोकळेपणाने बोला, आणि त्याच्यासाठी बाकीच्यांची पद्धत सैल करू नका.

पहिल्या बैठकीसाठी हा प्रश्न घ्या. १ पासून २न पर्यंतच्या पूर्णांकांतून न + १ वेगवेगळ्या संख्या निवडल्या, तर त्यांत अशा दोन संख्या असतातच की एकीने दुसरीला निःशेष भाग जातो, हे सिद्ध करा. आधी न = ३ घेऊन, १ ते ६ मधून चार संख्या निरनिराळ्या प्रकारे निवडून हाताने पाहा. सुटल्यावर विचारा की न + १ ऐवजी न संख्या निवडल्या तर हे विधान टिकते का. चौथ्या मित्राला हा बहुधा आधीच माहीत असेल. त्याने त्या दिवशी शंका घेण्याचे काम करावे.